कुत्र्यासकट लेकीकडे: कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी, सकाळची बोट

आमची लेक अलिबागजवळ थळला दिली आहे. नातू पाच वर्षांचा. फोन लावला की आधी "आजी, मैना काय करतीय?" आणि मग वेळ उरला तर माझी चौकशी. मैना म्हणजे आमची कुत्री. आई कारवानी (शिकारी कुत्र्यांची जात), बापाचा पत्ता नाही. पाय लांब, तोंड निमुळतं, वजन अठरा किलो, दिवसातला निम्मा वेळ झोप. तिला घेऊन आम्ही आजवर तीनदा थळला गेलो, आणि एकदा कोल्हापूर स्टेशनवरूनच हे तिला घेऊन घरी परत आले. ती हकीकत पुढे येईलच. गल्लीत कुणी कुत्रं पाळलं आणि पोरंबाळं मुंबईकडं असली की लोक आमच्या दारात विचारायला येतात. दर वेळी तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

स्वतःची गाडी असेल आणि चालवणारा दमदार असेल, तर पुणे-खोपोली-पेण करत सरळ जा. तुम्हाला यातलं निम्मं लागणार नाही. आमच्या यांना रात्री समोरचे दिवे डोळ्यांवर येतात, म्हणून गाडीचा प्रश्नच नाही. खाजगी ट्रॅव्हल्सवाल्यांना विचारून बघितलं. बहुतेकांनी नाही म्हटलं, एकजण म्हणाला, "डिकीत ठेवतो की काकू." जित्त्या जनावराला डिकीत ठेवायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. म्हणून आमचा रस्ता असा: रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीने भाऊचा धक्का, रो-रो बोटीने (मोटारीही नेणारी मोठी बोट) मांडवा आणि पुढं थळ. महालक्ष्मी रात्री नऊच्या आत निघते आणि सकाळी सात-साडेसातच्या सुमारास मुंबईत पोचते. वेळ निघायच्या आधी एकदा तपासून घ्या.

न्यायचं का, हे आधी ठरवा

तीन-चार दिवसांसाठी जात असाल तर कुत्र्याला नेऊ नका. दोन रात्री प्रवासात जातात, आणि तिकडं त्याला जागा ओळखीची होईपर्यंत निघायची वेळ येते. आम्ही दहा दिवसांच्या वर मुक्काम असेल तरच मैनाला नेतो. एरवी ती शेजारच्या वहिनींकडे राहते. तेही एकदम नाही, आधी एक रात्र ठेवून बघितली.

पिल्लाचं लसीकरण पुरं झालं नसेल, कुत्रं फार म्हातारं असेल, किंवा रिक्षात बसल्यावर ओकत असेल, तर घरीच बरं. दिवाळीत नको, फटाक्यांचं भय प्रवासात दुप्पट होतं. एप्रिल-मे मध्ये गाडीत एसी असतो हो, पण धक्क्यावरचं ऊन आणि कोकणातला दमटपणा कोल्हापूरच्या कुत्र्याला सोसत नाही. पावसाळ्यात गेटवेहून सुटणाऱ्या लाँच बंद असतात. रो-रो मोठी असल्यामुळे चालते, पण समुद्र खवळला की तिच्याही फेऱ्या रद्द होतात, आणि मग कुत्रं, बॅगा आणि दोन म्हातारी माणसं धक्क्यावर उभी. दिवाळी सरल्यावर ते होळीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले.

दुसरी गोष्ट कुणी लिहीत नाही, पण तिकिटापेक्षा नाजूक आहे. लेकीचं घर असलं तरी ते व्याह्यांचं घर. लेक म्हणेल, "आणा गं आई, कुणी काही म्हणत नाही." तिच्यावर जाऊ नका. विहीणबाईंना स्वतः फोन करा आणि विचारा. मी विचारलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "स्वयंपाकघरात आणि देवघरात यायची नाही ना?" मी शब्द दिला आणि पाळला. मैना पडवीत झोपते, तिची वाकळ आणि भांडी आमची आम्ही नेतो. आता तिसऱ्या खेपेनंतर विहीणबाईच तिला भाकरीचा तुकडा टाकतात, माझं लक्ष नाही असं बघून.

तिकीट: इथं चूक केली तर पुढचं सगळं फुकट

रेल्वेचा नियम नीट समजून घ्या. स्लीपर, थ्री टायर, टू टायर, चेअर कार यांत कुत्र्याला डब्यात नेता येत नाही. फर्स्ट एसीत नेता येतं, पण अख्खं कुपे किंवा अख्खं केबिन तुमच्याच नावावर असेल तर. कुपे दोन बर्थचं, केबिन चार बर्थचं. नाहीतर गार्डच्या डब्यात कुत्र्यासाठी पिंजरा असतो, त्याला डॉग बॉक्स म्हणतात. त्यात कुत्रं एकटं. आवाज, धूळ, अंधार, आणि खाणंपिणं बघायला मोठ्या स्टेशनला तुम्ही उतरून पळत जायचं. नियमात बसतं, पण रात्रभराच्या प्रवासाला मी माझं कुत्रं त्यात घालणार नाही. फर्स्ट एसीचं भाडं ऐकून यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मी म्हटलं, मग मैना घरी. आठ्या गेल्या.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. महालक्ष्मीला फर्स्ट एसीच्या जागा थोड्या असतात, त्यामुळे उघडल्या दिवशीच काढा. दोघं जात असाल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर. एकटं माणूस असेल तर कुपे मिळायला दोन बर्थचे पैसे भरायची तयारी हवी, म्हणजे खरं तर सोबतीला माणूस शोधावं.

आता मुख्य गोम. मोबाईलवर तिकीट काढताना "कुपे द्या" असं सांगता येत नाही. फर्स्ट एसीत बर्थ नंबर आधी मिळतच नाही, तो चार्ट लागताना ठरतो. दोन तिकिटं आहेत म्हणजे कुपे मिळणारच, असं धरून अगदी पहिल्या प्रयत्नाला आम्ही निवांत राहिलो. चार्ट लागला, तर आम्ही दोघं चार बर्थच्या केबिनमध्ये आणि आमच्याबरोबर अनोळखी नवरा-बायको. त्यांची काय चूक? टीसी सभ्य माणूस होता. म्हणाला, "काकू, अर्ज दिला होता का?" नव्हता दिला. मी एकटी पुढं गेले, हे मैनाला घेऊन रिक्षाने घरी. चार्टनंतर सोडलेल्या तिकिटाचे पैसे कुठले परत मिळायला!

तर अर्ज द्या. तिकीट काढलं की साध्या कागदावर लिहायचं: पीएनआर, तारीख, गाडी, दोघांची नावं, बरोबर कुत्रं आहे म्हणून कुपे मिळावं ही विनंती, आणि मोबाईल नंबर. सोबत तिकिटाची आणि लसीच्या पुस्तकाची झेरॉक्स. कोल्हापूर स्टेशन मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतं, अर्ज वाणिज्य विभागाकडे जातो. नेमका कुणाच्या नावे करायचा ते आरक्षण खिडकीवर विचारा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच फार महत्त्वाची. प्रवासाच्या आदल्या दिवशी परत एक चक्कर मारा. कोल्हापूरकरांना तसंही स्टेशन रोडला काहीतरी काम असतंच. चार्ट आता गाडीच्या बरेच तास आधी लागतो, त्यामुळे कुपे मिळालं की नाही ते दुपारीच कळतं. नाही मिळालं तर घरातूनच बेत बदलता येतो, फलाटावरून नाही.

येतानाचं तिकीट विसरू नका. त्याच्या तारखेचं आरक्षण काही दिवस उशिरा उघडतं, आणि त्याला अर्ज वेगळा.

कागद आणि डॉक्टर

रेबीजची लस चालू हवी आणि पुस्तकात तारीख, सही, शिक्का हवा. प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी जनावरांच्या डॉक्टरकडून "प्रवासाला योग्य" असा दाखला घ्या. त्यात कुत्र्याची जात, रंग, नर-मादी, वय लिहिलेलं असावं. मैनाच्या दाखल्यावर जात काय लिहायची यावर डॉक्टर आणि हे अर्धा तास बोलत बसले होते. शेवटी "मिश्र" लिहिलं.

कोकणात जायचं म्हणून आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा: लेप्टोची लस झाली आहे का, आणि गोचिडावर काय लावायचं. झोपेचं औषध मात्र आपल्या मनाने, किंवा शेजाऱ्याच्या कुत्र्याला दिलं होतं म्हणून, देऊ नका. गुंगीत जनावराचा तोल जातो, श्वास मंदावतो, आणि पहाटे कर्जतच्या घाटात डॉक्टर कुठून आणणार?

निघायच्या दिवशी

दुपारी चारच्या आत हलकं जेवण, आमच्याकडे दहीभात. नंतर फक्त पाणी. संध्याकाळी रंकाळ्यावर दोन फेऱ्या, दमेपर्यंत. मग दोन-अडीच तास आधी स्टेशनवर, कारण पार्सल ऑफिसात कुत्र्याची पावती करायची असते. तिकीट, दाखला, पुस्तक दाखवलं की सामानाच्या दराने पैसे घेतात. कुप्याच्या भाड्यापुढे ती रक्कम किरकोळ आहे, पण पावती नसेल आणि पकडलं तर सहापट आकारणी. पावती तिकिटाबरोबरच ठेवा.

पिशवीत काय असावं? पाण्याची पसरट वाटी, दोन लिटर घरचं पाणी, जुनी वर्तमानपत्रं, टॉवेल, प्लास्टिकच्या पिशव्या, थोडं कोरडं खाणं, मुसकं (दुकानात मझल म्हणून मागा), आणि घरातली वापरलेली वाकळ. धुतलेली नको. तिच्या वासाची हवी.

गळपट्ट्याबद्दल जरा थांबून सांगते. कारवानी, मुधोळ असल्या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा जाड असते. साधा पट्टा मागं ओढला की डोकं सटकन बाहेर. आमची मैना सीएसएमटीच्या फलाटावर अशीच सुटली. हमालाची हातगाडी खडखडत आली, ती दचकून मागं सरकली आणि माझ्या हातात नुसता पट्टा. मी ओरडले असते तर ती पळाली असती. हे तिथल्या तिथं खाली बसले आणि पिशवीतली वाकळ उघडली. ती वास घेत आली आणि वाकळीवर बसली. त्यानंतर आम्ही ओढलं की थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा घेतला, आणि छातीला वेगळा हार्नेस. दोन दोऱ्या, दोन्ही हातांत.

आणखी एक, खास आपल्यासाठी. लेकीकडं जायचं म्हणजे बॅगेत कांदा-लसूण चटणी आणि जयसिंगपूरचं भडंग आलंच. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतात, त्यातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका आणि चॉकलेटही विषासारखंच. कुप्यात रात्री बॅग खाली आणि कुत्रंही खाली असतं. खाऊची बॅग वरच्या बर्थवर, साखळीने बांधून.

रात्रीची गाडी

आत शिरल्या शिरल्या वाकळ खालच्या बर्थच्या पायथ्याशी घाला आणि दार लावा. मैना पहिला अर्धा तास उभीच राहते. हातकणंगले गेलं की एक पाय दुमडते, जयसिंगपूरला दुसरा. कोल्हापूर सुटल्यावर तासाभराने मिरज येतं, गाडी जरा थांबते. तिथं मी तिला खाली उतरवते, लगेच डब्याच्या दारापाशीच. फलाटावर ती कधीच काही करत नाही, नुसता वास घेऊन परत चढते, पण संधी द्यायची. यांना दारात उभं करायचं, म्हणजे गाडी हलली तर निदान एकजण तरी आतून ओढेल. मिरजेनंतर मी कुठं उतरवत नाही. पुणं मध्यरात्रीनंतर येतं, आणि झोपलेलं कुत्रं उठवू नये.

रात्री डबा-अटेंडंट पांघरुणं घेऊन दार वाजवतो. त्याला आधीच सांगून ठेवा की आत कुत्रं आहे. वीस रुपये दिले तर तो आनंदाने बाहेरूनच देईल. कुप्यात काही सांडलं, तर वर्तमानपत्राने पुसून पिशवीत. पुढच्या वेळी त्याच डब्यात आणखी कुणाला कुत्रं न्यायचं असतं.

सीएसएमटी ते भाऊचा धक्का

गर्दी उतरू द्या. सगळ्यात शेवटी उतरा आणि कडेकडेनं बाहेर या. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, पण काळी-पिवळीवाले कुत्रं बघून मान फिरवतात. वाकळ सीटवर घालून दाखवायची आणि मीटरवर थोडे जास्त देते म्हणायचं, साधारण तिसरा तयार होतो. बोटीचं तिकीट काढताना दहाच्या पुढची धरा. महालक्ष्मीला उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही.

भाऊचा धक्का म्हणजे मासळीचं बंदर, हे कोल्हापूरच्या कुत्र्याला कुणी सांगितलेलं नसतं. टॅक्सीचं दार उघडताच मैनाचं नाक जे वर गेलं ते बोटीत चढेपर्यंत खाली आलं नाही. इथं मुसकं घाला, चावायच्या भीतीनं नव्हे, जमिनीवरचं काही उचलून खाऊ नये म्हणून.

बोट

रो-रो २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली. मोटारी खाली, माणसं वर, तासाभरात मांडवा. कुत्र्याला बोटीत नेता येतं, त्याचं वेगळं तिकीट असतं, तेही आधीच काढा. आम्ही मैनाला घेऊन बाहेरच्या डेकवर बसतो, आत जात नाही.

अवघड जागा एकच, चढतानाचा लोखंडी उतार. पायाखाली पत्रा वाजतो, शेजारून मोटारी चढतात, इंजिनची थरथर तळपायाला लागते. मैना पहिल्यांदा तिथं चारी पाय रोवून उभी राहिली. ओढायचं नाही. अठरा किलो होते म्हणून यांनी उचलून नेली. तुमचं कुत्रं मोठं असेल तर मोटारी चढू द्या, मग सावकाश जा. घरी असताना कुठं पत्र्यावरून चालवायची सवय केली तर उत्तम.

हिवाळ्यात बोटीमागं कुरव पक्षी लागतात, लोक त्यांना वेफर्स टाकतात. शिकारी जातीच्या कुत्र्याला हे म्हणजे आमंत्रणच. कठड्यापासून लांब, मधल्या बाकाच्या पायाला दोरी गुंडाळून बसा. बोट लागायची भीती कुत्र्यापेक्षा माणसांना जास्त. यांना पहिल्या खेपेला लागली, मैना मजेत. कुत्र्याला लागली तर तोंडातून लाळ गळायला लागते, ते सतत जांभया देतं. तेव्हा खायला काही देऊ नका, वाऱ्याकडे तोंड करून बसवा.

विहीणबाईंना आमच्या या तासाभराचं हसू येतं. त्यांच्या लहानपणी याच धक्क्यावरून कोकणची बोट सुटायची आणि हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत जायची. रात्र बोटीतच. बंदरात बोट लांब उभी राहायची आणि पडावात उड्या टाकून उतरायचं, पोरंबाळं, गाठोडी आणि कोंबड्यांसकट. "तुम्ही एक कुत्रं घेऊन आलात तर केवढं सांगता," म्हणतात.

थळला पोचल्यावर

मांडव्याला उतरल्यावर मिनिडोर (मोठी रिक्षा) मिळते. जावई येतात, म्हणून आम्हाला लागत नाही. पहिल्या दिवशी समुद्रावर नेऊ नका. अंगणात फिरवा, भरपूर गोडं पाणी द्या, झोपू द्या. समुद्राचं पाणी कुत्रं चाटतंच, आणि खारं पाणी पोटात गेलं की उलट्या-जुलाब. फिरून आलं की पाय आणि पोट साध्या पाण्याने धुवायचं. पालापाचोळ्यात, दगडांच्या कडेला मोकळं सोडू नका, कोकणात फुरसं (विषारी साप) असतं. संध्याकाळी दोरी आणि बॅटरी दोन्ही हातात हवी.

आणि वाळत घातलेली मासळी. दुसऱ्या खेपेला मैनानं शेजाऱ्यांच्या ओट्यावरचे बोंबील खाल्ले. किती, ते कुणी मोजलं नव्हतं, पण काठी रिकामी होती. मी पैसे द्यायला गेले, त्यांनी घेतले नाहीत. मग कोल्हापुरी गुळाची ढेप दिली, ती घेतली. तेव्हापासून बॅगेत एक ढेप जास्तीची असते.

परतीच्या दिवशी मांडव्याहून शेवटची बोट धरू नका. मुंबईहून महालक्ष्मी रात्री आठ-साडेआठच्या सुमारास सुटते, आणि सीएसएमटीवर पार्सल ऑफिसात पावती पुन्हा करावी लागते. आम्ही दुपारची बोट घेतो आणि चार तास मुंबईत झाडाखाली काढतो. सकाळी कोल्हापूरला उतरलं की मैना मला ओढत स्टेशनबाहेरच्या पहिल्या झाडाकडे नेते आणि रात्रभराचा हिशेब तिथं पुरा करते. रिक्षावाले मामा तोवर थांबतात.